दहा टक्क्यांची सुटका

सॅन फ्रान्सिस्कोच्या कर्नी स्ट्रीटवर मॅकडोना नावाच्या गृहस्थाचा दारूचा बार होता. पोलीस कोर्ट जवळच. त्यामुळे संध्याकाळी तिथे वकील, पोलीस आणि या दोघांच्या तावडीत सापडलेल्यांचे सगेसोयरे, असे सगळेच भेटत. १८९० च्या दशकाच्या अखेरीस मालकाची मुले, पीटर आणि टॉम, गल्ला सांभाळू लागली. ओळखीचा वकील अडला की त्याच्या अशिलाच्या जामिनापुरते पैसे हे भाऊ काढून देत; दोस्तीखातर, बिनव्याजी. पुढे पीटरच्या कानावर आले, की या फुकटच्या पैशांबद्दल वकीलमंडळी अशिलांकडून वेगळी वसुली करतात. मग ती आपणच का करू नये? अमेरिकेतल्या पहिल्या जामीन-पेढीच्या जन्माची कथा ही अशी सांगतात. तिला बारमधल्या गप्पांची फोडणी बसली असेल. पेढी मात्र शंभर टक्के खरी होती, आणि पुढची चाळीसेक वर्षे ती त्या शहराच्या मानगुटीवर बसून होती.

‘कर्नी स्ट्रीटची म्हातारी’ हे पेढीला शहराने ठेवलेले नाव. म्हातारी रात्रंदिवस जागी असे. वेश्यावस्तीत धाड पडली, जुगाराचा अड्डा उठवला, की पेढीला लगेच खबर जाई. धाड घालणारे आणि सोडवून आणणारे यांचे साटेलोटे होते, हे सगळ्या शहराला ठाऊक होते. कागदावर आणायला कुणी धजत नव्हते. शेवटी केंद्र सरकारच्या तपास खात्यात काम केलेल्या एडविन अ‍ॅथर्टन याला बाहेरून बोलावून चौकशी करवली गेली. १९३७ साली त्याचा अहवाल आला. मॅकडोना बंधूंची पेढी हेच शहरातल्या भ्रष्टाचाराचे उगमस्थान आहे, त्यांच्या होकारावाचून कुंटणखाना किंवा जुगाराचा अड्डा चालू शकत नाही, आणि वर्षाकाठी दहा लाख डॉलरच्या घरात हप्ते गोळा होतात, असे त्यात नोंदवले होते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने जामिनाच्या धंद्याला परवाना सक्तीचा केला आणि पीटर मॅकडोनाला तो नाकारला.

म्हणजे दुकान बंद झाले. धंद्याला उलट सरकारी शिक्का मिळाला.

मराठी वाचकाला जामीनदार म्हटले की सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळणारा मामा किंवा मेहुणा आठवतो. जुन्या इंग्लिश कायद्यातला जामीनदार जवळपास असाच होता. न्यायाधीश गावोगाव फिरत, एका गावी महिनोन् महिने येत नसत. तोवर आरोपीला पोसत बसणे शेरीफला परवडत नसे. म्हणून तो आरोपीला त्याच्या ओळखीच्या, पत असलेल्या माणसाच्या हवाली करी. कुणाला सोडायचे आणि कुणाला नाही याचे नियम १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने घातले. जामीन राहण्याबद्दल पैसे घेणे तर सोडाच, आरोपीकडून नुकसानभरपाईची हमी लिहून घेणेही गैर मानले जाई. जामीनदाराच्या खिशाला झळ बसली पाहिजे, तरच तो आरोपीवर डोळा ठेवील, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकेने हाच कायदा उचलला. १७८९ च्या कायद्याने देहदंडाचे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांत जामिनाचा हक्क दिला आणि १७९१ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या दुरुस्तीने अवाजवी जामीन मागू नये असे बजावले.

घोडे अडले ते माणसांपाशी. रोज जहाजे भरभरून परके येत होते, निम्मा देश पश्चिमेकडे सरकत होता. अशा देशात पकडल्या गेलेल्या माणसासाठी मामा आणायचा कुठून? मग मामा भाड्याने मिळू लागला. १९१२ साली लिअरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती होम्स यांनी या बदलावर मोहोर उठवली. जामीन हा आता जिव्हाळ्याचा नव्हे, पैशाचा व्यवहार झाला आहे, तेव्हा जामीनदाराने भरपाईचा करार करून घेतला तर बिघडले कुठे, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. तर्काला खोट नव्हती. पण ‘याच्या खिशाला झळ बसेल’ हा जामिनाचा मूळ पाया त्या दिवशी निखळला.

व्यवहार आजही साधाच आहे. समजा, न्यायाधीशाने ५,००० डॉलरचा जामीन मागितला. घरात तेवढी रोकड असेल तर ती कोर्टात भरायची, तारखांना हजर राहायचे, खटला संपला की पैसे परत. रोकड नसेल तर कोर्टासमोर चोवीस तास उघड्या असलेल्या, निऑनच्या पाटीच्या दुकानात जायचे. तिथे दहा टक्के, म्हणजे ५०० डॉलर, मोजायचे. उरलेल्या रकमेसाठी घर किंवा गाडी तारण ठेवायची आणि कुणीतरी सही करायची. सही करणारी बहुतेक वेळा आई, आजी किंवा बायको असते. मग दुकानदार कोर्टाला हमीपत्र देतो. त्याच्या पाठीशी विमा कंपनी उभी असते. आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, निर्दोष सुटला, किंवा दुसऱ्याच दिवशी सरकारने खटला मागे घेतला, तरी ते ५०० डॉलर परत येत नाहीत. ज्याच्याकडे पैसे होते त्याला सुटका फुकट पडली. नव्हते त्याने पाचशे मोजले. आणि ज्याच्याकडे पाचशेही नव्हते तो आत राहिला. तिघांवरचा आरोप एकच असू शकतो. अमेरिका आणि फिलिपाइन्स सोडले तर जगात कुठे हा धंदा असा राजरोस चालत नाही. फिलिपाइन्सवर अमेरिकेचे राज्य होते, हे इथे आठवावे.

दुकानदाराच्या हातात आणखी एक हत्यार होते. १८७२ च्या टेलर विरुद्ध टेन्टर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जामीनदार आरोपीला केव्हाही पकडू शकतो, त्याच्या मागावर दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, रविवारीही धरू शकतो आणि गरज पडल्यास त्याचे दार फोडून आत शिरू शकतो. पोलिसाला वॉरंट लागते, जामीनदाराला नाही. बक्षिसासाठी फरारी माणसे हुडकणाऱ्यांचा पोटधंदा या एका परिच्छेदावर उभा राहिला. गंमत म्हणजे त्या खटल्यात जामीनदार हरले होते. त्यांचा माणूस न्यूयॉर्कला गेला, तिथून त्याला दुसऱ्या गुन्ह्यासाठी मेन राज्यात नेले गेले, कनेटिकटमधली तारीख चुकली आणि जामीनदारांना ८,००० डॉलर भरावे लागले. दार फोडायचा प्रश्न त्यात आलाच नव्हता. जाता जाता लिहिलेली वाक्येच पुढे कायदा होऊन बसली.

या पद्धतीवर पहिला गंभीर अभ्यास आर्थर बीली यांनी १९२७ मध्ये शिकागोत केला. १९५४ मध्ये केलिब फूट या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना हाताशी धरून फिलाडेल्फियाची कोर्टे पिंजून काढली, मग न्यूयॉर्कची. जामिनाची रक्कम आरोपाचे कलम पाहून ठरते. समोर उभा कोण आहे, तो पळेल की नाही, याची चौकशी कुणी करत नाही, हे त्यातून दिसले. अभ्यास छापून आले, लोकांनी माना डोलावल्या. पुढे काही घडले नाही.

घडले ते एका धनाढ्य माणसाच्या अस्वस्थतेतून. लुई श्वाइट्झर हे रसायन अभियंते, मूळचे युक्रेनकडचे. सिगारेटच्या कागदाच्या घरच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला होता. न्यूयॉर्कच्या तुरुंगात शेकडो तरुण पोरे केवळ जामिनाला पैसे नाहीत म्हणून महिनेच्या महिने कच्चे कैदी होऊन पडली आहेत, हे त्यांना कळले. पहिला विचार मनात आला तो फंड उभारायचा आणि पोरांचे जामीन भरायचे, असा. पण त्याने पैशाचीच सत्ता कायम राहिली असती. श्वाइट्झरना साथ मिळाली हर्बर्ट स्टर्झ या तरुण संपादकाची. बालवीरांसाठी निघणाऱ्या मासिकात काम करणाऱ्या या माणसाकडे ना कायद्याची पदवी होती ना कोर्टाचा अनुभव. मला वाटते, त्याचाच उपयोग झाला असावा. दोघांनी मिळून संस्था काढली आणि श्वाइट्झर यांच्या आईच्या नावावरून तिचे नाव ठेवले व्हेरा.

१६ ऑक्टोबर १९६१ रोजी मॅनहॅटनच्या कोर्टात त्यांचा प्रयोग सुरू झाला. न्यूयॉर्क विद्यापीठातले कायद्याचे विद्यार्थी कोठडीत जाऊन नव्या आरोपींना प्रश्न विचारत. कुठे राहतोस, किती दिवस? सोबत कोण आहे? काम काय करतोस? पूर्वी शिक्षा झाली आहे का? उत्तरांना गुण होते. एका पत्त्यावर वर्षभर राहिलेला असेल तर ३ गुण. नोकरीचे, घरच्यांशी असलेल्या संबंधांचे निराळे. मग विद्यार्थी फोन उचलून आईला, मालकाला, घरमालकाला विचारून उत्तरे ताडून पाहत. बेरीज ५ झाली की न्यायाधीशाकडे शिफारस जाई: याला पैशांवाचून, नुसत्या शब्दावर सोडा. आपल्याकडचा जातमुचलकाच, पण एकही आकडा न लिहिलेला. सुटलेल्याला पुढच्या तारखेची आठवण पत्राने किंवा फोनने दिली जाई. खुनाचे आणि अमली पदार्थांचे बहुतेक खटले यातून वगळलेले होते.

एप्रिल १९६४ पर्यंत सुमारे १०,००० जणांच्या मुलाखती झाल्या. न्यायाधीशांनी २,१९५ जणांना शब्दावर सोडले. त्यांतले तारखेला आले नाहीत ते १५.

प्रयोगातला खरा बोचणारा आकडा मात्र वेगळाच होता. स्टर्झ यांनी शिफारशीला पात्र ठरलेल्यांतले काही जण मुद्दाम बाजूला ठेवले होते. त्यांच्याबद्दल न्यायाधीशाला काहीच कळवायचे नाही, नेहमीच्या रहाटगाडग्यात काय होते ते पाहायचे. शिफारस झालेल्यांपैकी सुमारे ६० टक्के पुढे निर्दोष सुटले किंवा त्यांचे खटले रद्द झाले. बाजूला ठेवलेल्यांत हेच प्रमाण २३ टक्के होते. माणसे सारखीच, आरोप सारखेच. जो बाहेर राहिला त्याची नोकरी टिकली, तो वकिलाला भेटला, साक्षीदार शोधू शकला, न्यायाधीशासमोर इस्त्रीच्या कपड्यांत उभा राहिला. आत राहिलेल्यासमोर सौदा ठेवला जातो: गुन्हा कबूल कर, भोगलेले दिवस शिक्षेत धरू, आजच घरी जा. निर्दोष माणूसही अशा वेळी सही करतो. जामीन नाकारणे ही नुसती खटल्याआधीची गैरसोय नसते, बऱ्याचदा खटल्याचा निकालच तिथे लागतो, हे या आकड्यांत दिसले.

अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी हा विषय उचलून धरला. मे १९६४ मध्ये वॉशिंग्टनला जामिनावर राष्ट्रीय परिषद भरली. २२ जून १९६६ ला अध्यक्ष जॉन्सन यांनी जामीन सुधारणा कायद्यावर सही केली. भाषणात त्यांनी एका माणसाची हकिगत सांगितली: वाहतुकीच्या ज्या गुन्ह्याला फार तर पाच दिवसांची शिक्षा होती, त्यासाठी ३०० डॉलर नसल्यामुळे तो ५४ दिवस कोठडीत होता. कायदा मात्र केंद्राच्या कोर्टांपुरताच होता. अमेरिकेतले बहुतेक फौजदारी खटले चालतात राज्यांच्या कोर्टांत.

मॅनहॅटनच्या त्या कोठडीतल्या प्रश्नावलीचे पडसाद आपल्याकडेही उमटले. १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे एक गवंडी होता. त्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून दंडाधिकाऱ्याने तो नाकारला होता. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल लिहिताना, न्यायमूर्ती भगवती यांनी मॅनहॅटनच्या प्रयोगाचा नाव घेऊन दाखला दिला: पैशांची हमी नसतानाही आरोपी कोर्टात येतात, हे तिथे दिसून आले आहे, तेव्हा आरोपीची गावात मुळे किती खोल आहेत ते पाहा आणि त्याला जातमुचलक्यावर सोडा.

भारतीय न्यायालय अमेरिकेचा असा दाखला देत होते तेव्हा अमेरिका स्वतः त्यापासून दूर सरकत होती. शहरांत गुन्हे वाढले होते, निवडणुका त्या भीतीवर लढवल्या जात होत्या. १९६१ चा प्रश्न होता, हा तारखेला येईल का? त्याचे उत्तर कोर्टाच्या हजेरीपटावरून देता येत होते. आता प्रश्न झाला, हा बाहेर जाऊन कुणाला इजा करील का? १९७० मध्ये राजधानी वॉशिंग्टनपुरता आणि १९८४ मध्ये केंद्राच्या सगळ्या कोर्टांसाठी कायदा आला, की धोकादायक वाटणाऱ्या आरोपीला सुनावणी घेऊन खटल्याआधीच डांबून ठेवता येईल. १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या माफियातल्या अँथनी सालेर्नो याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. मोकळीक हा नियम आणि अटकाव हा काळजीपूर्वक आखलेला अपवाद, असे बजावूनच.

राज्यांच्या कोर्टांत सुनावणीची उस्तवार कोण करणार? धोकादायक वाटला की जामिनाचा आकडा फुगवायचा, हा जुना सोपा मार्ग होताच. एखाद्या न्यायाधीशाने शब्दावर सोडलेल्या आरोपीने उद्या खून केला तर न्यायाधीशाचे नाव वर्तमानपत्रात येते, आणि तिथे पुष्कळ राज्यांत न्यायाधीश निवडून येतात. पन्नास हजार डॉलर मागितल्यावर आरोपी पैसे भरून सुटला, तर बोट दाखवायला पैसा असतो. जामिनाचे दुकान टिकले यामागे दुकानदारांची चिवटाई जेवढी आहे, तेवढीच न्यायाधीशांची ही सोय आहे. मोठ्या काउंट्यांत गंभीर गुन्ह्यांच्या आरोपींची सुटका एके काळी सर्वाधिक होई ती शब्दावर. १९९८ पासून दुकानाच्या हमीपत्रावर होणारी सुटका तिच्या पुढे गेली. काउंट्यांच्या तुरुंगांत आज कोणत्याही दिवशी साडेसहा लाखांच्या आसपास माणसे असतात. त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक जणांवरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नसतो.

आतले आयुष्य काय असते ते केलिफ ब्राउडरमुळे जगाला कळले. ब्रॉन्क्समधल्या या सोळा वर्षांच्या मुलाला मे २०१० मध्ये दप्तर चोरल्याच्या आरोपावरून पकडले. जामीन ३,००० डॉलर. घरच्यांना तो जमला नाही आणि तो तीन वर्षे रायकर्स बेटावरच्या तुरुंगात राहिला, त्यांतली दोनेक वर्षे एकांतकोठडीत. खटला उभाच राहिला नाही. २०१३ मध्ये तो मागे घेतला गेला. २०१५ मध्ये त्याने जीव दिला. त्याची गोष्ट ‘तीन हजारांपायी तीन वर्षे’ अशी सांगितली जाते, पण ती तितकी सरळ नाही. आधीच्या एका प्रकरणात तो देखरेखीखाली असल्याने अडीच महिन्यांनंतर न्यायाधीशाने त्याचा जामीनच काढून घेतला. पुढे घरच्यांनी पैसे जमवले असते तरी उपयोग नव्हता. म्हणजे पैशांची अट उठवली की सारे कच्चे कैदी घरी गेले, असे नसते.

ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत येते तिथे २०१६ मध्ये एका तरुण, एकट्या आईला वैध परवान्याशिवाय गाडी चालवल्याबद्दल पकडून २,५०० डॉलरचा जामीन मागितला गेला. तिच्या दाव्यात न्यायाधीश ली रोझेन्थल यांनी पुढच्या वर्षी १९३ पानांचा निकाल देऊन काउंटीची पद्धत घटनाबाह्य ठरवली. तिथल्या जामिनाच्या सुनावण्या व्हिडिओवर, मिनिटा-दोन मिनिटांत उरकत. न्यू जर्सीत तुरुंगातल्या १२ टक्के लोकांना २,५०० डॉलर किंवा त्याहून कमी रक्कम भरता येत नाही म्हणून ते आत आहेत, असे २०१३ मध्ये आढळले होते; रिपब्लिकन गव्हर्नर ख्रिस्टी आणि डेमोक्रॅट विधिमंडळाने मिळून घटनादुरुस्ती केली आणि १ जानेवारी २०१७ पासून पैशांचा जामीन जवळजवळ संपवला. न्यूयॉर्कने २०२० मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले. ओरड झाली आणि २०२३ पर्यंत कायदा तीनदा मागे खेचला गेला.

मॅकडोनांच्या कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये पैशांचा जामीन रद्द करणारा कायदा झाला. जामीनवाल्यांनी सह्या गोळा करून तो जनमताला टाकायला लावला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी तो फेटाळला. चार महिन्यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केनेथ हम्फ्री खटल्यात निकाल दिला. शेजारच्या वृद्धाच्या खोलीत शिरून काही डॉलर आणि कलोनची एक बाटली पळवल्याचा आरोप असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या या म्हाताऱ्या माणसाला आधी ६ लाख, मग साडेतीन लाख डॉलरचा जामीन मागितला होता. ऐपत न पाहता असा आकडा ठरवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. दुकाने मात्र चालू राहिली.

पैशांचा जामीन पुरता उखडणारे पहिले राज्य ठरले इलिनॉय, १८ सप्टेंबर २०२३ रोजी. त्याविरुद्ध कोर्टात गेले ते काउंट्यांचे सरकारी वकील आणि शेरीफ. जामीनवाले नव्हते, कारण इलिनॉयमध्ये जामीनवाले उरलेच नव्हते. या राज्याने १९६३ मध्येच खासगी दुकाने बंद करून दहा टक्के रक्कम थेट कोर्टात भरायची सोय केली होती. म्हणजे कॅलिफोर्नियात धंदा वाचवायला जी फौज उतरली ती इथे साठ वर्षांपूर्वीच मोडीत निघाली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी पैशांविना जामीन देणाऱ्या राज्यांची यादी करून त्यांचा केंद्राचा निधी रोखण्याच्या दिशेने आदेश काढला. त्या वादात इलिनॉयचे नाव पुढे असणार, हे ओघाने आले. पण १९६३ ची व्यवस्थाही निर्लोभ नव्हती. भरलेल्या दहा टक्क्यांतला दहावा हिस्सा, निर्दोष सुटलात तरी, कोर्टाचा कारकून कापून घेई, आणि उरलेल्यातून दंड आणि खर्च वळता होई. याविरुद्ध दाद मागितली गेली तेव्हा १९७१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही कपात वैध ठरवली. २०२३ मध्ये जामीन गेला तेव्हा काउंट्यांना चिंता पडली ती अंदाजपत्रकातून नाहीशा होणाऱ्या त्या उत्पन्नाचीही.